पांढरा चौकोन: ॲपच्या पोटातल्या ब्राउझरचा इतिहास

आजचा भाग एका पांढऱ्या चौकोनाबद्दल आहे. पायथनमध्ये डेस्कटॉपचं ॲप लिहून त्यात माउस नेला की आकडे सांगणारा देखणा चार्ट बसवायचा प्रयत्न ज्यांनी केलाय, त्यांना हा चौकोन चांगलाच ओळखीचा असेल. बाकीच्यांनी घाबरायचं कारण नाही, लागेल तेवढी माहिती वाटेत देत जातो.

आधी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका तालुक्यातल्या दूध संकलन केंद्रासाठी छोटं ॲप केलं होतं. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, फॅट आणि एसएनएफ मोजतात, त्यावरून दर ठरतो. शेतकऱ्याची तक्रार ठरलेली असते, "माझ्या म्हशीचं फॅट एकदम उतरलं कसं?" अशा वेळी सचिवांनी त्याला स्क्रीनवर महिनाभराची रेघ दाखवायची, हाच ॲपचा मुख्य उपयोग. भाषा पायथन, खिडक्या-बटणांसाठी पायक्यूटी आणि चार्टसाठी प्लॉटली. आमच्या टेबलावर सगळं झकास चालत होतं.

केंद्रावर गेलो. सचिवांनी रांगेतल्याच एका शेतकऱ्याला पुढे बोलावलं, त्याचा खाते क्रमांक टाकला, बटण दाबलं. खिडकी उघडली आणि आत पांढरा चौकोन. एरर नाही, इशारा नाही, काही नाही. शेतकरी शांतपणे म्हणाला, "म्हंजे तुमच्याकडं बी काय नाही." आणि निघून गेला.

माझ्याबरोबर जी सहकारी होती, तिची ती पहिलीच नोकरी. ती कावरीबावरी झाली. लॅपटॉपला केंद्राचंच नेट जोडून टर्मिनलमधून ॲप चालवलं आणि कारण तासाभरात सापडलं. केंद्रावरचं इंटरनेट बंद होतं, आणि चार्ट काढणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी दर वेळी इंटरनेटवरून येत होती. उपायही सोपा वाटला. तिने रात्री बसून अख्खी लायब्ररी पानातच भरली, म्हणजे इंटरनेट लागायलाच नको. सकाळी चालवून बघितलं, तर तोच पांढरा चौकोन! आणि आता आमच्या लॅपटॉपवरही, इंटरनेट चालू असताना. टर्मिनलही कोरं. "सर, मी काहीतरी बिघडवलं," ती म्हणाली.

तिने काहीही बिघडवलं नव्हतं. दोन दिवसांत दोन वेगवेगळे आजार झाले होते आणि दोघांचं लक्षण मात्र एकच होतं. दुसऱ्या आजाराचं मूळ तर १९९८ सालच्या एका छोट्या दस्तऐवजात निघालं. आज मला हेच सांगायचंय. चौकोन पांढरा राहतो तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा कुणीतरी, कधीतरी, चांगल्या कारणाने घेतलेला एखादा निर्णय असतो. तो इतिहास ठाऊक असला की कुठे बघायचं ते कळतं, आणि विनाकारण स्वतःला दोष द्यायची वेळ येत नाही.

मुळात ॲपच्या पोटात ब्राउझर कशाला?

पायथनला चार्ट काढता येत नाहीत असं अजिबात नाही. जॉन हंटर या मज्जाशास्त्राच्या संशोधकाने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत बघण्यासाठी साधन हवं म्हणून मॅटप्लॉटलिब लिहायला घेतलं आणि २००३ मध्ये ते लोकांसमोर आलं. आजही शास्त्रज्ञांचा पहिला हात त्याच्याकडेच जातो. पण त्याचा पिंड छापील आकृतीचा. माउस नेला की आकडा दिसावा, बोटाने ओढून एक आठवडा मोठा करून बघावा, हे त्यात जमतं, पण बरंचसं हाताने करावं लागतं.

हे काम ब्राउझरमध्ये फार पुढे गेलं. १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा केला. २००१ मध्ये एसव्हीजी हे रेघांच्या चित्रांचं मानक आलं. २००४ मध्ये ॲपलने आपल्या डॅशबोर्डसाठी कॅनव्हास आणलं. २०११ मध्ये स्टॅनफर्डमध्ये माइक बोस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डी३ आणलं आणि वेबवरच्या आलेखांचं रूपच पालटलं. माँट्रियलच्या प्लॉटली कंपनीने आपली जावास्क्रिप्ट लायब्ररी नोव्हेंबर २०१५ मध्ये खुली केली. ती डी३ वर उभी आहे, आणि पायथनमधून दोन ओळींत वापरता येते.

म्हणजे बघा, हिशेब पायथनमध्ये आणि चित्र जावास्क्रिप्टमध्ये. दोघांना एकाच खिडकीत आणायचं तर ॲपच्या पोटात एक ब्राउझर बसवावा लागतो. हा ब्राउझर आला कुठून, ती आजची खरी गोष्ट.

ऑस्लोहून कॅलिफोर्नियाला, आणि परत

नॉर्वेच्या ऑस्लो शहरात ट्रोलटेक नावाची कंपनी होती. तिने खिडक्या, बटणं, मेनू बनवायचा एक संच केला, क्यूटी. (अधिकृत उच्चार 'क्यूट' आहे, पण आपल्याकडे सगळे क्यूटीच म्हणतात, मीही तेच म्हणतो.) १९९६ मध्ये मॅथियास एट्रिश यांनी लिनक्ससारख्या प्रणालींसाठी केडीई हा मुक्त डेस्कटॉप सुरू केला, तो याच क्यूटीवर. १९९८ मध्ये फिल थॉम्पसन यांनी क्यूटी पायथनला जोडून दिलं, तेच पायक्यूटी.

केडीईला स्वतःचा ब्राउझर हवा होता. पान वाचून पडद्यावर मांडणारं त्यांचं इंजिन होतं केएचटीएमएल. १९९९ च्या सुमारास लार्स नोल या तरुणाने आणि त्याच्या सोबत्यांनी ते जवळपास नव्याने लिहून काढलं. जावास्क्रिप्टसाठी हॅरी पोर्टेन यांनी केजेएस लिहिलं. ऑक्टोबर २००० मध्ये केडीई २ बरोबर हा ब्राउझर बाहेर आला, नाव कॉन्करर.

तिकडे ॲपलला मॅकसाठी वेगवान ब्राउझर हवा होता. ७ जानेवारी २००३ ला सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्स यांनी सफारी दाखवला, तेव्हा अनेकांना धक्का बसला. आत मोझिलाचं नव्हे, केडीईचं इंजिन होतं. ॲपलच्या चमूचे प्रमुख डॉन मेल्टन यांनी केडीईच्या मंडळींना तसं पत्र लिहून कळवलं. त्यांनी दिलेल्या कारणांत एक होतं, दोन्ही मिळून कोड १,४०,००० ओळींपेक्षाही कमी आहे. लहान, स्वच्छ, समजणारा कोड. २००५ मध्ये ॲपलने आपली आवृत्ती वेबकिट या नावाने सर्वांसाठी खुली केली.

आणि मे २००८ मध्ये क्यूटी ४.४ आलं, त्यात क्यूटी वेबकिट होतं. क्यूटीवरच वाढलेलं इंजिन ॲपलच्या घरी जाऊन, अंगापिंडाने भरून, माहेरी परत आलं. त्याच वर्षी नोकियाने ट्रोलटेक विकत घेतली.

पायथनवाल्यांसाठी तो काळ फार सोयीचा होता. क्यूटी वेबकिट तुमच्या ॲपच्याच प्रक्रियेत, म्हणजे एकाच छपराखाली चालायचं. 'इव्हॅल्युएट जावास्क्रिप्ट' म्हटलं की उत्तर त्याच ओळीत हातात. पायथनची एखादी वस्तू सरळ पानाच्या अंगणात नेऊन ठेवता यायची. घरातल्या घरात हाक मारली आणि ओ आली, असा कारभार.

पण एका छपराखाली राहण्याची किंमत असते. पान कोसळलं की ॲपही कोसळायचं. शिवाय हे इंजिन क्यूटीच्या वेगाने म्हातारं होत गेलं. २०१५ च्या जूनमध्ये जावास्क्रिप्टचं नवं मानक आलं, त्यात बाणासारखी चिन्हं वापरून फंक्शन लिहायची पद्धत होती. जुन्या वेबकिटला ते चिन्ह कळायचंच नाही. जावास्क्रिप्टचा नियम असा की फाइलमध्ये एका जागी व्याकरण चुकलं तर ती अख्खी फाइल चालत नाही. चार्टची लायब्ररी नवी केली की चार्ट गायब, आणि तुम्ही स्वतःच्या आकड्यांत चूक शोधत बसलेले! हा पांढऱ्या चौकोनाचा पहिला प्रकार. इंजिन जुनं, लायब्ररी नवी.

भिंत कशी उभी राहिली

सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने क्रोम आणला. इंजिन वेबकिटचंच, पण जावास्क्रिप्टसाठी नवं व्ही८ आणि रचना पूर्ण वेगळी. पानांसाठी स्वतंत्र प्रक्रिया, आणि त्यांच्याभोवती कुंपण. त्यामागचा विचार साधा होता. इंटरनेटवरचं पान म्हणजे अनोळखी पाहुणा, त्याला माजघरात घ्यायचं नाही, ओसरीवर बसवायचं. पान कोसळलं तर तेवढंच कोसळेल, पान लबाड निघालं तर तुमच्या फाइलींपर्यंत पोचणार नाही.

३ एप्रिल २०१३ ला गूगलने वेबकिटपासून फारकत घेतली आणि ब्लिंक हे इंजिन वेगळं काढलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये क्यूटीने जाहीर केलं की आपणही आता वेबकिट सोडून क्रोमियमकडे जाणार. गंमत बघा, त्या वेळी क्यूटीचे मुख्य देखभालकर्ते होते लार्स नोल. तेच, ज्यांनी केएचटीएमएल लिहिलं होतं. स्वतःच्या हाताने लावलेलं झाड किती वाढलंय आणि त्याची कुठली फांदी आता धरायची, हे ठरवायची पाळी त्यांच्यावरच आली.

डिसेंबर २०१४ मध्ये क्यूटी ५.४ बरोबर क्यूटी वेबएंजिन आलं. मार्च २०१६ च्या क्यूटी ५.६ मधून वेबकिट वगळलं गेलं. वरून बघितलं तर नावातला एक शब्द बदलला होता, आत मात्र घराच्या मधोमध भिंत उभी राहिली होती.

आता पान दुसऱ्या प्रक्रियेत चालतं. पायथनने 'रन जावास्क्रिप्ट' म्हटलं की निरोप भिंतीपलीकडे जातो आणि उत्तर सवडीने येतं. ते उत्तर आलं की काय करायचं, हे आधीच सांगून ठेवावं लागतं. जुन्या सवयीने पुढच्याच ओळीत उत्तर वापरायला गेलात तर हातात काहीच नसतं. तसंच पान उघडायला सांगितलं आणि लगेच 'चार्ट काढ' म्हटलं, तर पलीकडे अजून पानच तयार नसतं. आज्ञा हवेत विरते. हा दुसरा प्रकार, आणि माझ्या मते सगळ्यात फसवा. कारण हे कधी चालतं, कधी नाही. वेगवान लॅपटॉपवर चालतं, केंद्रावरच्या जुन्या संगणकावर नाही. मग लोक मध्ये दोन सेकंद थांबायची ओळ घालतात आणि देवाला हात जोडतात. खरा उपाय म्हणजे पान पूर्ण उघडल्याचा 'लोड फिनिश्ड' हा संदेश येईपर्यंत थांबायचं आणि मगच आज्ञा द्यायची.

भिंतीचा आणखी एक परिणाम आहे. पलीकडची प्रक्रिया चालवायला एक वेगळी छोटी फाइल लागते, क्यूटी वेबएंजिन प्रोसेस नावाची. ॲप बांधून ग्राहकाला देताना ही फाइल किंवा तिच्याबरोबरच्या सामानाच्या फाइली मागे राहिल्या, तर तुमच्या मशीनवर सगळं चालतं आणि त्याच्या मशीनवर चालत नाही. पायक्यूटीनेही ५.१२ पासून वेबएंजिन वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवलंय, त्यामुळे नुसतं पायक्यूटी बसवून भागत नाही, ते वेगळं बसवावं लागतं.

पत्त्यात मावेल तेवढंच

आता त्या दुसऱ्या सकाळकडे येऊ. लायब्ररी पानात भरली आणि चौकोन पांढराच राहिला.

पायथनमध्ये तयार केलेलं पान खिडकीला द्यायची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे 'सेट एचटीएमएल'. सगळा मजकूर एका मुठीत देऊन टाकायचा. वेबकिटच्या काळात मजकूर थेट इंजिनाच्या हातात पडायचा. वेबएंजिनमध्ये मात्र तो भिंतीपलीकडे न्यावा लागतो, आणि क्यूटीने त्यासाठी एक जुनी युक्ती वापरली. सगळा मजकूर एका पत्त्यात कोंबायचा आणि ब्राउझरला सांगायचं, या पत्त्यावर जा.

ही युक्ती लॅरी मासिंटर यांनी ऑगस्ट १९९८ मध्ये आरएफसी २३९७ या दस्तऐवजात मांडली होती. नाव 'डेटा यूआरएल'. म्हणजे पत्ता हाच माल. छोटंसं चित्र, चार ओळींचा मजकूर यांच्यासाठी वेगळी फाइल कशाला, पत्त्यातच लिहून टाका. ही सोय फक्त छोट्या मजकुरासाठी आहे, असं त्या दस्तऐवजातच म्हटलंय. पोस्टकार्डाच्या पत्त्याच्या जागी दोन शब्दांचा निरोप लिहावा, तशी. तिथे कादंबरी लिहायची नाही.

क्रोमियमने पत्त्याच्या लांबीला मर्यादा घातली आहे, २ एमबी. आणि प्लॉटलीची लायब्ररी एकटीच त्याहून मोठी! त्यात भर अशी की पत्त्यात सगळी अक्षरं चालत नाहीत. इंग्रजी अक्षरं, अंक आणि चार-दोन चिन्हं सोडली तर बाकी प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह घालून तीन अक्षरांत लिहावा लागतो. कंस, अवतरणचिन्ह, रिकामी जागा, सगळं तिप्पट. आपल्या देवनागरीला तर याचा मोठाच फटका. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत आपलं एक अक्षरचिन्ह तीन बाइटचं असतं, म्हणजे पत्त्यात त्याची नऊ अक्षरं होतात. पानात थेट 'दूध' लिहिलं, की द, दीर्घ उकार आणि ध मिळून पत्त्यात २७ अक्षरं.

मर्यादा ओलांडली की काय होतं? पान उघडतच नाही. जावास्क्रिप्ट सुरूच होत नाही, म्हणून जावास्क्रिप्टची एररही येत नाही. टर्मिनल कोरं होतं ते यामुळे. खूण एकच मिळते. 'लोड फिनिश्ड' संदेश येतो, पण त्यासोबतचं उत्तर 'नाही' असं असतं. क्यूटीच्या माहितीपुस्तकात हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. आम्ही ते पान वाचलं नव्हतं आणि त्या संदेशाकडे कानही दिला नव्हता.

उपाय सहा-सात ओळींचा. मजकूर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचा आणि खिडकीला त्या फाइलचा पत्ता द्यायचा. पत्ता छोटा, माल फाइलमध्ये.

पण फाइलवरून पान उघडताना एक खाच आहे, तीही सांगून ठेवतो. जावास्क्रिप्टच्या पहिल्या काळातच, नेटस्केपच्या दुसऱ्या आवृत्तीच्या सुमारास, एका ठिकाणच्या पानाने दुसऱ्या ठिकाणच्या मालाला हात लावायचा नाही असा नियम आला. तुमच्या बँकेचं पान दुसऱ्या कुठल्या पानाने वाचू नये म्हणून. वेबएंजिनमध्ये त्याच सावधपणातून आलेली एक परवानगी आहे, संगणकावरच्या फाइलने बाहेरच्या इंटरनेटवरून माल आणावा की नाही याची. ती मुळात बंद असते. म्हणून फाइल आपली, पण लायब्ररी बाहेरची, असा अर्धामुर्धा संसार केला की पुन्हा चौकोन पांढरा. एक तर सगळं घरचं, नाहीतर परवानगी विचारपूर्वक उघडायची. माझं मत विचाराल तर सगळं घरचं ठेवा. खेड्यातल्या केंद्रावर इंटरनेट कधी जाईल ते कुणी सांगावं?

अँकीने काय केलं

हे सगळं एखाद्या मोठ्या, प्रत्यक्ष वापरातल्या ॲपमध्ये बघायचं तर अँकी बघा. डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं, पाठांतराच्या पत्त्यांचं ॲप. वैद्यकीय शाखेचे आणि भाषा शिकणारे कितीतरी विद्यार्थी ते वापरतात. डेस्कटॉपवरचा त्याचा दर्शनी भाग पायथन आणि क्यूटीचा. किती पत्ते झाले, किती विसरले, याचे आलेख ब्राउझरच्या खिडकीत जावास्क्रिप्टने काढले जातात. आधी फ्लॉट नावाच्या लायब्ररीने, २०२० पासून डी३ वर.

अँकी २.० क्यूटी वेबकिटवर होतं, २०१८ मध्ये आलेलं २.१ वेबएंजिनवर. मघाशी सांगितलेली भिंत त्यांच्याही घरात उभी राहिली. 'हाक मारली की ओ' या भरवशावर लिहिलेल्या कितीतरी जोडण्या, म्हणजे ॲड-ऑन, नव्याने लिहाव्या लागल्या. अँकीने भिंतीशी भांडण केलं नाही, तिच्याशी जुळवून घेतलं. पान तयार व्हायच्या आत आलेल्या आज्ञा रांगेत ठेवायच्या, पानाने 'मी तयार' म्हटलं की एकेक सोडायच्या. नवे आलेख त्याच संगणकावर चालणाऱ्या छोट्याशा सर्व्हरवरून द्यायचे, म्हणजे २ एमबीचा प्रश्न नाही आणि फाइल की इंटरनेट ही कटकटही नाही.

आणि एक तिसरीच अडचण त्यांना भेटली. क्रोमियम चित्र रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाकडे देतो. काही संगणकांवर कार्डाचं ड्रायव्हर जुनं किंवा सदोष असतं. तिथे पान उघडतं, जावास्क्रिप्ट नीट चालते, आकडेही बरोबर, पण रंग पडद्यावर उतरत नाही. खिडकी पांढरी किंवा काळी. म्हणून अँकीच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ ड्रायव्हर निवडायची सोय आली आणि त्यात 'सॉफ्टवेअर' हा पर्याय ठेवला. हळू चालेल, पण दिसेल. आपल्या ॲपमध्ये हेच करायचं तर वेबएंजिनला सुरू होतानाच ग्राफिक्स कार्ड वापरू नको असा झेंडा दाखवता येतो. दूरस्थ डेस्कटॉपवरून किंवा आभासी मशीनमध्ये चालणाऱ्या ॲपना याची गरज बऱ्याचदा पडते.

मग बघायचं कुठे?

आता एवढा इतिहास ऐकल्यावर क्रम आपोआप लागतो. मी आमच्या चमूला तो असा सांगतो.

पहिलं, 'लोड फिनिश्ड' काय म्हणतंय ते बघा. 'नाही' म्हणत असेल तर जावास्क्रिप्टकडे बघूच नका. पानच आलेलं नाही. मजकूर किती मोठा आहे, फाइलचा पत्ता बरोबर आहे का, एवढंच तपासा.

दुसरं, पान आलं असेल तर त्याचं म्हणणं ऐका. ॲप टर्मिनलमधून चालवा, 'जेएस' अशी सुरुवात असलेल्या ओळी दिसतात. 'प्लॉटली डिफाइन केलेलं नाही' अशा अर्थाची ओळ आली तर लायब्ररी पोचलेली नाही. व्याकरणाची तक्रार आली तर इंजिन जुनं आहे. बांधून दिलेल्या ॲपमागे टर्मिनल नसतं, आणि केंद्रावर आम्ही तिथेच फसलो होतो. म्हणून पानाचा कन्सोल-संदेशाचा भाग आपल्या ताब्यात घेऊन त्या ओळी लॉग फाइलमध्ये उतरवायची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. आणखी खोलात जायचं तर वेबएंजिनच्या रिमोट डीबगिंगच्या व्हेरिएबलला पोर्टचा क्रमांक द्या आणि नेहमीच्या क्रोममध्ये तो लोकलहोस्टचा पत्ता उघडा. ॲपच्या पोटातलं पान तुमच्यासमोर उलगडून येतं.

तिसरं, तक्रार काहीच नसेल तर चार्टला जागा किती मिळाली ते मोजा. मागच्या टॅबमध्ये दडलेल्या खिडकीची रुंदी चार्ट काढताना शून्य असू शकते. शून्य रुंदीत चार्ट अगदी बरोबर काढला जातो, फक्त दिसत नाही! ईचार्ट्ससारखी लायब्ररी याचा इशारा तरी देते, सगळ्या देत नाहीत.

चौथं आणि शेवटचं, ग्राफिक्स कार्ड.

पानाचं येणं, लायब्ररीचं येणं, जागा, रंग. या चारही दारांवर गेलात की बहुतेक चोर सापडतो. आकड्यांत चूक शोधायला त्यानंतर जा.

परवा कुणीतरी मला विचारलं, एवढा जुना इतिहास आजच्या कामाला कशाला हवा? चॅटला विचारलं की दोन ओळींचा उपाय मिळतो. मिळतो, खरंय. पण त्या रात्री माझ्या सहकारीलाही उपाय मिळाला होता. लायब्ररी पानात भर, चालेल. इंटरनेट नसण्याच्या आजारावर तो उपाय बरोबरच होता. चुकलं एवढंच, की पानात भरलेला माल पत्त्यातून जातो हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षं या क्षेत्रात असलेल्या मलाही नव्हतं. मग तिनेच स्वतःला दोष का द्यावा?

तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा केंद्रावर गेलो. इंटरनेट बंदच होतं. सचिवांनी त्याच शेतकऱ्याला निरोप धाडला होता. चार्ट उघडला. रेघ तीन आठवडे सरळ होती आणि मग एका सकाळी खाली गेलेली. सहकारीने माउस तिथे नेला, तारीख आली. शेतकरी बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "त्या दिसापासनं पेंड बदलली व्हती." सचिवांनी मान डोलावली. पैशांचा वाद तिथेच मिटला असं मी म्हणणार नाही, पण बोलणं आता एका तारखेबद्दल चाललं होतं, एकमेकांच्या नियतीबद्दल नाही.

परत येताना गाडीत सहकारीने पहिलं काम काय केलं असेल? 'लोड फिनिश्ड'ने 'नाही' म्हटलं तर खिडकीत मोठ्या अक्षरांत, मराठीत दिसेल अशी एक ओळ घातली: "चार्ट उघडता आला नाही, तुमची नोंद सुरक्षित आहे." नुसता पांढरा चौकोन आमच्या ॲपमध्ये त्यानंतर कुणाला दिसला नाही.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या वाट्याला आलेल्या पांढऱ्या चौकोनाची गोष्ट असेल तर जरूर कळवा, कारण सापडलेलं असो वा नसो. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.